तारीख न घातलेले दाखले

ऊन डोक्यावर यायच्या आत फोडलेल्या खडीने निम्मी पेटी भरायची, हा भिंगरीच्या आईचा नेम. आज सूर्य खाणीच्या कड्यावर चढला तरी पेटीचा तळ दिसत होता. हातोडी चालत होती, पण तिचं अर्धं ध्यान शेजारी बसलेल्या पोरीच्या हाताकडे होतं.

भिंगरी अकरा वर्षांची. पाळण्यातलं नाव वेगळं, पण पाय फुटल्यापासून एका जागी ठरली नाही म्हणून सगळी खाण तिला भिंगरीच म्हणायची. ती आता उकिडवी बसून, टायरच्या पट्टीची कडी डाव्या हातात धरून, कडीत दगड बसवून त्यावर हातोडी मारत होती. कडी असली की खडी उडत नाही. पण कडी कशी धरायची हे हाताला कळायला वर्ष जातं, आणि पोरीला बसून अवघे सोळा दिवस झाले होते. तीन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"मारताना डोळे मीट गं," आई म्हणाली.

"मीटले की हातोडी बोटावर बसते."

"बसू दे," पलीकडून पाटीवाली मावशी म्हणाली. "बोटं दहा आहेत. डोळे दोनच."

मावशीला तेवढेही नव्हते. उजवा डोळा खडीनेच नेला होता. त्यामुळे तिच्या बोलण्यावर हसावं की गप्प बसावं, हे कुणाला पटकन सुचत नसे.

शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. पावसाचा पत्ता नव्हता. पाण्याचा टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि त्याच्यापुढे कळश्यांची रांग खाणीच्या तोंडापर्यंत लागायची. भिंगरीने या दिवसांत खरं तर लांबच्या मोठ्या गावी असायला हवं होतं. तिथे मुलींची राहायची शाळा होती. परीक्षा देऊन पोरीने तिथे सहावीची जागा मिळवली होती. यादीत तिचं नाव लागलं, तेव्हा खाणीवरच्या बायांनी तिला उचलून घेतलं होतं. आता इथल्या शाळेचा दाखला नेऊन दिला की झालं, एवढंच राहिलं होतं.

तो दाखलाच मिळाला नाही. आई गेली की मोठे गुरुजी म्हणायचे, "उद्या या." कधी शिक्का वरच्या कचेरीत गेलेला असे, कधी कोरे दाखले संपलेले असत. एकदा तर म्हणाले, आज सही करायचा दिवस नाही. प्रत्येक वेळी तिचं अर्ध्या दिवसाचं काम बुडायचं आणि मुकादमाची बोलणी खावी लागायची. शेवटी दाखला हातात पडला तेव्हा तिकडची यादी बंद होऊन चार दिवस झाले होते.

मग एक दिवस शाळेतल्या धाकट्या बाईंना राहवलं नाही. टँकरच्या रांगेत त्या भिंगरीच्या आईजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "शिक्का कुठेच गेला नव्हता हो. खणात होता. वरून पट मोजायला माणूस येणार होता. वीस मुलं भरली नाहीत तर शाळा बंद. तुमची पोर विसावी होती."

हे खाणीवर कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून खाणीवरच्या सातही पोरांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही. भिंगरीची धाकटी बहीणही त्यातच. वीस राखायला गेलेल्या गुरुजींकडे बारा उरली.

गुरुजी पहिल्यांदा खाणीवर आले ते एका गुरुवारी, शाळा सुटल्यावर. हातात काळी छत्री, पायात गुळगुळीत तळाच्या वहाणा. खडीवरून येताना दोनदा घसरले. पुढचे केस गेलेले, घामाने टाळू चकाकत होती.

"या या!" मावशी ओरडली. "शिक्का सापडला का हो?"

बायांमध्ये हशा पिकला. गुरुजी भिंगरीच्या आईसमोर येऊन उभे राहिले. तिने हातोडी थांबवली नाही. त्यांची सावली दगडावर पडली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उजेड सोडा." गुरुजी बाजूला सरकले.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले.

"मोठ्यानं बोला," मावशी म्हणाली. "इथं खणखणाटात ऐकू येत नाही."

गुरुजींनी घसा खाकरला. "मी खोटं बोललो! शिक्का खणात होता. पोरीची जागा माझ्यामुळे गेली."

दोन-चार हातोड्या थांबल्या. वर कड्यावर भिंगरीचा बाप घण घेऊन उभा होता. तोही थांबला. त्याने खाली पाहिलं, कपाळाचा घाम बोटाने निपटून टाकला आणि वरूनच म्हणाला, "उद्या या."

मग घण उचलला.

गुरुजी दुसऱ्या दिवशी आले. बापाने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तेच. खाणीला हा खेळच झाला. साडेचार वाजले की बाया वाटेकडे बघायच्या, छत्री दिसली की एकमेकींना कोपर मारायच्या. गुरुजी यायचे, घसरत खाली उतरायचे, पाचेक मिनिटं उभे राहायचे आणि 'उद्या या' ऐकून परत जायचे. कधी रागावले नाहीत, कधी बसायलाही मागितलं नाही. चौथ्या दिवशी बाप सुरुंगाची भोकं पाडायला पलीकडे गेला होता, तर भिंगरीच्या आईनेच ते दोन शब्द उच्चारले. उच्चारताना बरं वाटलं. छत्री वळणाआड गेल्यावर मात्र तिला पोरीकडे बघवेना. एवढं करून पोर अजून दगडासमोरच बसलेली होती.

मंगळवारी गुरुजी भराभर आले. धापा टाकत होते.

"आज 'उद्या या' सांगू नका," ते वर बघून म्हणाले. "जागा रिकामी झालीय. तिकडच्या एका मुलीचं घरच्यांनी लग्न लावलं. मी तिथल्या मोठ्या बाईंना भेटून आलो. शनिवारपर्यंत जागा धरतो म्हणाल्या. पोरीला आणि आईला घेऊन जायचं, एवढंच."

आज बाप खाली उतरला. उघडा, अंगभर दगडाची पांढरी धूळ, त्यात फक्त डोळे तांबडे. गुरुजींच्या पुढ्यात येऊन त्याने घण टेकवला.

"महिन्यापूर्वी शिक्का नव्हता. आज जागा आहे."

"खरंच आहे."

"तेव्हाही खरंच म्हणाला होतात."

"हो."

"आम्ही दोघांचं काम पाडून तिथवर जाणार. तिथे कळणार, जागा-बिगा काही नाही. मग तुम्ही म्हणणार, चुकलं बुवा."

"खोटं निघालं तर..." गुरुजींनी बोलायला सुरुवात केली.

"तर काय?" बाप म्हणाला. "आम्ही काय करणार तुमचं? आमचा कागद तुमच्या खणात होता, म्हणून आम्ही तुमच्या पायरीवर बसलो. तुमचं काय आहे आमच्या खणात?"

गुरुजी छत्रीच्या टोकाने खडी उकरत राहिले. मग निघून गेले. त्या दिवशी त्यांना 'उद्या या' म्हणायचंही राहून गेलं.

बुधवारी दुपारी भिंगरीच्या कडीतून दगड सटकला. टवका उडून भुवईवर बसला. आईला आधी फक्त आवाज ऐकू आला. वळून बघते तो पोरीच्या डोळ्यात रक्त. मावशीने पदराने रक्त टिपलं, बोटाने पापणी वर केली आणि आपला चांगला डोळा जवळ नेऊन पाहिलं.

"वाचला," ती म्हणाली. "दोन बोटं वर लागलंय." आणि मग हळूच म्हणाली, "माझ्या वेळी दोन बोटं खाली होतं."

मुकादम लांबून ओरडला, "काय जत्रा भरलीय तिथं?" बाया पांगल्या. भुवईवर चिंधी बांधून घेतली आणि घटकाभराने भिंगरी पुन्हा हातोडी घेऊन बसली. रडली नाही. आईला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी छत्रीबरोबर धाकट्या बाईही होत्या. गुरुजींच्या काखेत पुठ्ठ्याची फाईल. ते थेट बापाच्या समोर गेले. बाप दगडावर बसून छिन्नीला धार लावत होता.

"तुमच्या खणात ठेवायला आणलंय," गुरुजी म्हणाले.

फाईल उघडून त्यांनी सात कागद काढले. खाणीवरच्या सात पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले. सगळ्यांवर सही होती, निळा गोल शिक्का होता.

"तारखेची जागा मोकळी ठेवलीय," ते म्हणाले. "पोराला दुसऱ्या शाळेत घालायचं असेल त्या दिवशी तारीख घालून घ्या. मला विचारायला नको, माझ्या दारात यायला नको. तारीख पडली की पोर माझ्या पटावरून गेलं."

"आणि सातच्या सात गेली तर?" बापाने विचारलं.

"शाळा बंद."

"असा तारखेवाचूनचा कागद देता येतो?"

"नाही. कुणी हा वर दाखवला तर मी घरी बसतो." धाकट्या बाईंनी मान खाली घातली. त्या रडून आल्या असाव्यात असं त्यांच्या नाकावरून वाटत होतं.

मावशी पुढे झाली. "म्हणजे गुरुजी, मान काढून दिलीत की आमच्या हातात."

"तुम्हीच विचारलं होतंत," गुरुजी म्हणाले. "माझं काय आहे तुमच्याकडे म्हणून."

पण कागदावर खरंच काय लिहिलंय हे कळणार कसं? खाणीवर धड वाचता येणारं माणूस एकच होतं. भिंगरीच्या आईने पोरीला हाक मारली. भिंगरी उठली, घागऱ्याला हात पुसले. भुवईवर चिंधी, बोटांना चिंध्या. एकेक कागद हातात घेऊन ती मोठ्याने वाचू लागली. पोराचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, जन्माची तारीख, इयत्ता. वागणूक चांगली. ज्याचा कागद वाचला जाई ती बाई पुढे येऊन ऐके. एकीच्या पोराची वागणूक चांगली निघाली तेव्हा ती म्हणाली, "हा कागद नक्की त्याचाच ना?" आणि सगळ्या हसल्या. शेवटचा धाकटीचा होता. भिंगरीने तोही वाचला. "तारीख," म्हणून ती थांबली. "पुढे काही नाही."

बापाने तो कागद घेण्याआधी हात चड्डीला दोनदा पुसले.

शुक्रवारी पहाटे भिंगरीच्या आईने हातोडी घरीच ठेवली. बाप दारात बसून तोंड धूत होता.

"पेटी?" त्याने विचारलं.

"राहील."

"खोटं निघालं तर?"

"कागद आहे ना डब्यात? घाला तारीख. नाहीतर नेऊन दाखवा वर."

चूळ भरून बापाने पाणी लांब थुंकलं. ती निघाली तेव्हा मागून म्हणाला, "पोरीला खिडकीशी बसव. तिला बस लागते."

दोन बस करून तिघं दुपारी पोचले. गुरुजी दोन्ही बसमध्ये उभेच होते. शाळा दगडी बांधणीची, आवारात नळ, आणि नळाला पाणी! भिंगरी त्या नळाकडे बघत राहिली. जागा खरंच होती. खाटेवरची गुंडाळलेली गादी आईने डोळ्यांनी पाहिली. पण तिथल्या मोठ्या बाई नियमाला धरून वागणाऱ्या होत्या. चष्मा नाकावर ओढून त्यांनी दाखला पाहिला.

"यादी बंद झाल्यावर चार दिवसांनी काढलाय हा. उशीर पालकांमुळे झाला असेल तर मला जागा देता येत नाही. शाळेमुळे झाला असेल तर शाळेनं तसं लेखी द्यायला हवं. आणि सर, ते पत्र मला वर पाठवावं लागेल. समजून लिहा."

गुरुजींनी कागद मागितला. टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून ते लिहू लागले. भिंगरीच्या आईला आयुष्यात पहिल्यांदा असं दिसत होतं की, आपल्याबद्दल कुणी काही लिहितंय आणि एकेका शब्दाला तोच अडतोय.

लिहून झाल्यावर गुरुजी कागद बाईंकडे सरकवू लागले, तशी ती म्हणाली, "थांबा. वाच गं."

भिंगरीने वाचलं. "या मुलीचा दाखला तयार करणे शक्य असूनही, माझ्या शाळेचा पट कमी होऊ नये म्हणून मी तो अडवून ठेवला. तिची आई नऊ वेळा आली. मी तिला खोटी कारणे सांगून परत पाठवले. यात पालकांचा काहीही दोष नाही."

"दहा," आई म्हणाली.

गुरुजींनी वर पाहिलं.

"दहा वेळा आले होते. एकदा तापानं फणफणले होते. पायरीवर बसले होते, घंटा होईपर्यंत. तुम्ही खिडकीतून पाहिलंत आणि मागच्या दारानं गेलात. ती वेळ तुम्ही धरली नाहीत."

गुरुजींनी नाही म्हटलं असतं तर त्यांचंच खरं धरलं गेलं असतं, कारण साक्षीला कुणी नव्हतं. गुरुजींनी पेन उघडलं. 'नऊ' वर रेघ मारली आणि वर 'दहा' लिहिलं.

"खाडाखोडीशेजारी सही लागेल," मोठ्या बाई म्हणाल्या. गुरुजींनी तिथेही सही केली.

पोरीला त्या दिवसापासूनच ठेवून घेतलं. निरोप घ्यायला वेळ नव्हता, बस सुटायची होती. आईने नळापाशी नेऊन भिंगरीच्या बोटांच्या चिंध्या सोडल्या. खालची कातडी पांढरी आणि ओली झाली होती. ती धुतली, पदराने टिपली. चिंध्या पिळून आईने कमरेला खोचल्या. त्या तिला उद्या लागणार होत्या.

"रडायचं नाही," ती पोरीला म्हणाली, आणि स्वतः फाटकाबाहेर येईपर्यंत रडली नाही.

परतीच्या बसमध्ये गुरुजींना बसायला जागा मिळाली. ती पुढे बसली होती.

सोमवारी सातही पोरं शाळेत गेली. कुणीच कागदावर तारीख घातली नाही. जवळपास दुसरी शाळा होतीच कुठे! तरीही कागद डब्यात आहे म्हटल्यावर पोरांना पाठवताना बायांचा जीव अडकत नव्हता. शाळा सुटायला उशीर झाला की त्या आता शाळेच्या दारात जाऊन "गुरुजी, घंटा विसरलात का?" असं सरळ विचारायच्या. गुरुजी पोर हजर नसलं की स्वतः खाणीवर येऊन विचारायचे. मावशी त्यांना बसायला दगड झाडून द्यायची आणि वर म्हणायची, "बसा, पण शिक्का सांभाळून."

हे अठरा दिवस चाललं. एकोणिसाव्या दिवशी वरून हुकूम आला. खाणीवरच्या कुणी काही दाखवलं नव्हतं. गुरुजींचं स्वतःचंच पत्र फिरून त्यांच्यापाशी आलं होतं. चौकशी लागली, आणि चौकशी संपेपर्यंत शाळेत पाऊल ठेवायचं नाही. जाताना ते खाणीच्या वाटेने आले. एका हातात ट्रंक, दुसऱ्यात छत्री.

भिंगरीच्या आईने हातोडी खाली ठेवली.

"माझ्या जागी नवे येतायत," गुरुजी म्हणाले.

"माणूस कसा आहे?"

चांगले आहेत, असं म्हणणं सोपं होतं. गुरुजींनी जरा विचार केला. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

कड्यावरून बाप खाली आला आणि त्यांच्या हातातली ट्रंक घेऊन रस्त्यापर्यंत चालत गेला.

नवे गुरुजी तरुण होते, कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड. पहिल्याच दिवशी दाखल्यांच्या पुस्तकात त्यांना तारखेच्या सात कोऱ्या जागा दिसल्या, आणि त्यांनी पोरांबरोबर निरोप धाडला. तारखेशिवायचे दाखले बेकायदा आहेत. उद्याच्या उद्या शाळेत जमा करावेत. मी नवे, व्यवस्थित करून देईन.

बाया भिंगरीच्या आईभोवती जमल्या. "काय करायचं गं?" तिलाही कळत नव्हतं. जुन्या माणसाने मोडलेलं होतं आणि त्यानेच जोडलेलं होतं. नव्याने यातलं काहीच केलं नव्हतं.

सकाळी तिने डब्यातून धाकटीचा दाखला काढला, पोरीचा हात धरला आणि शाळेत गेली. नवे गुरुजी दारात उभे होते. त्यांनी हसून हात पुढे केला.

"आणलात? छान. द्या इकडे."

तिने दिला नाही.

"काय झालं ताई? माझ्यावर भरवसा नाही?"

"तुम्ही माझं काही बिघडवलं नाही," ती म्हणाली. "पण काही केलंही नाही अजून."

नव्या गुरुजींचं हसू जरा उतरलं. हात मात्र तसाच पुढे होता. "मग भरवसा बसायचा कसा?"

तिने धाकटीला आत सोडलं. पोर ओळीत आपल्या जागी जाऊन बसली. तिकडे खाणीत सुरुंग उडाला, खिडकीची तावदानं थरथरली, आणि तिला आपली रिकामी पेटी आठवली. मुकादम आज ऐकून घेणार नव्हता.

"कामाला नाही जायचं?" नव्या गुरुजींनी विचारलं.

"आज नाही."

ती वर्गाच्या उंबऱ्याला पाठ लावून खाली बसली, कागद पदराखाली मांडीवर धरला आणि म्हणाली, "शिकवा तुम्ही. मी बघते."